विश्वनाथरावांचा पहिला प्रयोग

विश्वनाथराव ताम्हनकरांना गोंधळलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चुकलेलं पुष्कळांनी पाहिलं होतं, पण गडी चुकतानाही ठाम. माणसाच्या मनात काय आहे ते मला सांगू नका, तो करतो काय ते दाखवा, हे एकच पालुपद त्यांनी उभा जन्म लावून धरलं. त्याच्यावर त्यांनी घर चालवलं, विद्यार्थी घडवले आणि आपल्या विद्यापीठात वर्तनवादाची पहिली प्रयोगशाळा थाटली. प्रयोगशाळा म्हणजे सुरुवातीला तळघरातली एक खोली, कबुतरांचे पिंजरे आणि असा वास, की बायको त्यांना आंघोळ केल्याशिवाय जेवायला वाढत नसे. पुढे कबुतरांपासून जे शिकले त्यावर त्यांनी न बोलणाऱ्या मुलांना बोलतं केलं, तेव्हा लोक त्यांना पायोनियर म्हणू लागले. तो शब्द त्यांना आवडायचा. कुणाला आवडणार नाही?

तर असा हा माणूस दोन हजार सतराच्या सप्टेंबरात, कॅनडातल्या कनाटा नावाच्या उपनगरात, मुलीच्या स्वयंपाकघरात, मिठाची बाटली आणि साखरेचा डबा टेबलावर इकडून तिकडे सरकवत बसला होता आणि त्याला काही म्हणता काही कळत नव्हतं. ही पाळी त्याच्यावर कशी आली ते सांगतो.

विभागाचा वर्धापनदिन जवळ आला होता. विश्वनाथरावांचं बालपण आणि शिक्षण यावर एक छोटी फिल्म करायची ठरली. त्यांची नात गुंजन त्याच विभागात शिकत होती, तिनं ते काम अंगावर घेतलं. नेमकी त्याच सुमाराला मार्कहॅमहून त्यांची चुलतबहीण छाया येऊन थडकली. तिचा मुलगा शैलेंद्र राहतो त्या कॉन्डोत पक्ष्यांना खायला घालायला बंदी. गेल्या पितृपक्षात तिनं बाल्कनीत कावळ्याचं पान ठेवलं, तर मॅनेजमेंटची नोटीस आली आणि शैलेंद्र हात जोडून म्हणाला, "आई, प्लीज, पुन्हा नको." म्हणून यंदा तिनं बॅग भरली आणि ज्या नातेवाइकाच्या घराला मागे लाकडी डेक आहे त्याच्याकडे, म्हणजे कावळ्यांच्या सोयीनं, ती राहायला आली. विश्वनाथरावांना हे सगळं हास्यास्पद वाटलं. पण छाया गवारीची भाजी झकास करायची, तेव्हा ते गप्प बसले.

रोज सकाळी छाया इंडियन स्टोअरमधलं फ्रोझन केळीचं पान गरम पाण्यात मऊ करायची, त्यावर भात-वरण वाढून पान डेकच्या टोकाला ठेवायची आणि फुलांच्या वाफ्यातले खडे मुठीत घेऊन बार्बेक्यूच्या आडोशाला उभी राहायची. खडे खारींसाठी. कनाटाच्या खारी भलत्या सोकावलेल्या, पितरांच्या पानाची त्यांना काय भीड? पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, पण नेम असा, की खडा खारीच्या शेपटीला घासून जावा आणि खारीला लागू नये.

"छाये, यू आर पनिशिंग देम," विश्वनाथराव दारातून म्हणाले. "शिक्षेनं कुणी शिकत नाही. मी सिद्ध केलंय."

"तू तुझी कबुतरं सांभाळ," छाया म्हणाली.

फिल्मसाठी गुंजननं स्वयंपाकघरातली जागा निवडली, कारण तिथं उजेड छान येत होता. विश्वनाथराव टेबलाशी बसले, समोर कॅमेरा, आणि त्याच्या मागं ओट्याजवळच्या स्टुलावर छाया गवार मोडत बसली.

"आजोबा, स्टार्ट फ्रॉम द बिगिनिंग," गुंजन म्हणाली. "हाऊ डिड यू बिकम अ बिहेविअरिस्ट?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. पन्नासेक वर्षं दर नव्या वर्गाला पहिल्या तासाला ते हीच गोष्ट सांगत. खिशातून त्यांनी वडिलांचा पितळी अडकित्ता काढला, टेबलावर ठेवला आणि सुरू झाले.

त्यांचे वडील कृष्णाकाठच्या एका गावात डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. छातीच्या दुखण्यानं त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा त्यांची सुपारी बंद झाली आणि अडकित्ता अकरा वर्षांच्या विश्वाच्या हातात आला. घरात सारखं शांत राहायचं, म्हणून पोरगं परसात बसून अडकित्ता वाजवायचं. खट् असा आवाज करायचा आणि भाकरीचा तुकडा भिरकवायचा. एक लंगडा कावळा तो तुकडा उचलायला यायचा. आधी तो भाकरी पाहून यायचा, मग नुसता खट् ऐकून येऊ लागला. हे विश्वाला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचं त्यालाच सापडलं, आणि बापाच्या आजारपणात तेवढीच एक गोष्ट त्याच्या सांगण्याप्रमाणे होत होती.

वडील गेले. घरातले कर्ते दीनाकाका, वडिलांचे थोरले भाऊ आणि छायाचे वडील. त्यांनी ठरवलं, पोराची शाळा झाली तेवढी पुरे, सांगलीच्या हळदीच्या पेढीवर त्याला चिकटवून द्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आई कोपऱ्यात बसली होती, ती काही बोलली नाही.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडले. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचं काही राहिलं नाही म्हणायचं. मंडळी बाजूला होऊन हात जोडून उभी राहिली, आणि कावळा काही शिवेना. झाडावर पुष्कळ होते, खाली यायला निघत आणि अर्ध्यातून फिरत. दीनाकाका मोठ्यानं बोलू लागले. "तुझ्या बायकोला अंतर देणार नाही." कावळा नाही. "अस्थी काशीला नेईन." नाही. "तुझी गाय विकणार नाही." नाही. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले. आणि मुंडण केलेला विश्वा ओल्या पंच्यात उभा होता, कडोसरीला अडकित्ता खोचून. त्यानं तो वाजवला नव्हता. तो वाट पाहत होता.

शेवटी दीनाकाका रडायलाच लागले. "बाबा रे, विश्वाला शिकवीन! शिकेल तितकं शिकवीन!"

खट्.

लंगडा कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

"अँड दॅट," विश्वनाथराव नेहमीच्या ठिकाणी थांबून म्हणाले, "वॉज माय फर्स्ट एक्स्पेरिमेंट."

इथं वर्ग हसायचा. गुंजनही हसली. पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. दीनाकाकांनी शब्द पाळला, सांगलीचं हायस्कूल, पुण्याचं कॉलेज, मग एम.ए., मग कॅनडा. हे सगळं एका अडकित्त्याच्या जोरावर.

"अँड युअर मॉम?" गुंजननं विचारलं. "तिला काय हवं होतं?"

"मनातलं मला विचारू नकोस. तिनं केलं काय, ते सांगतो," विश्वनाथराव म्हणाले. "काही नाही. नॉट अ वर्ड. माझ्यासाठी तिनं बोट उचललं नाही. मी माझं मला शिकवलं."

गवारीची शेंग मोडल्याचा आवाज थांबला.

"दादा, तोंड आवर," छाया म्हणाली.

"काय झालं?"

"बोट उचललं नाही म्हणतोस? काकूनं, तुझ्या आईनं, माझ्या परकराच्या ओच्यात खडे भरले आणि मला घाटावर धाडलं. सहा वर्षांची होते मी. म्हणाली, देवळामागच्या भिंतीवर जाऊन बस. कावळा पिंडाकडं निघाला की खडा मार. तुझे अण्णा विश्वाच्या शाळेचं बोलत नाहीत तोवर एक कावळा खाली उतरता कामा नये. बोलले, की थांब." छायानं पदरानं कपाळ पुसलं. "अण्णांना आठवून आठवून किती आठवणार? फिरून फिरून तिथंच येणार, हे काकूला ठाऊक होतं. ते आले, मी थांबले. आवळे पाडून नेम बसला होता माझा."

गुंजन एकदा छायाआजीकडे आणि एकदा आजोबांकडे बघत राहिली. "आजोबा, शुड आय स्टॉप?"

कॅमेरा चालूच राहिला.

आता त्या मिठाच्या बाटलीपाशी येऊ. दुपारचा चहा झाला तरी विश्वनाथराव टेबलापासून हलले नव्हते. मिठाची बाटली म्हणजे पिंपळ, साखरेचा डबा म्हणजे देऊळ, चमचा म्हणजे पिंड, आणि अडकित्ता म्हणजे ते स्वतः.

"तू इथं होतीस," त्यांनी डब्यामागं बोट ठेवलं. "पिंपळ इथं."

"पिंपळ कुठला? आंबा होता."

"पिंपळ होता, छाये. मी स्वतः पाहिलाय."

"मग मी खडे कुठल्या झाडावर मारले?"

विश्वनाथरावांनी मिठाची बाटली उचलली आणि कुठं ठेवावी ते न सुचून हातातच धरली. "बरं. तू खडे मारणं थांबवलंस, ते मी अडकित्ता वाजवण्याआधी की नंतर?"

"कसला अडकित्ता? मला काही ऐकू आलं नाही. नदीला पाणी होतं, केवढा आवाज."

"तुला ऐकू आला नाही, मग कावळ्याला कसा ऐकू आला?"

"ते तू कावळ्याला विचार."

"पण लंगडाच कावळा आला होता ना?"

छायानं बराच विचार केला. "मला तर चांगला धडधाकट वाटला."

विश्वनाथरावांनी डोकं धरलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं असा प्रयोग आणला असता, तर त्यांनी त्याला हाकलून दिलं असतं. एकाच कावळ्यावर दोघंजण काम करतायत, एकमेकांना पत्ता नाही, आणि एक त्यावर हयातभर व्याख्यानं देत सुटलाय! अडकित्त्यानं कावळा आला की खडे थांबले म्हणून आला? की दोन्ही नाही, भूक लागली म्हणून आला? आणि दुसरं एक त्यांना त्याहून सतावत होतं. हवं ते वागणं दिसेपर्यंत बक्षीस रोखून धरायचं, माणूस चुकतमाकत बरोबर जागी आला की लगेच द्यायचं, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं. दीनाकाकांना त्या एका वाक्यापर्यंत कुणीतरी अगदी तसंच आणलं होतं. कोपऱ्यात बसून. तोंडातून शब्द न काढता.

"तुला तिनं काय कबूल केलं होतं?" त्यांनी एकदम विचारलं.

"गुळाचा खडा. आणि दिला पण, घरात पाऊल टाकल्या टाकल्या."

"लगेच," विश्वनाथराव पुटपुटले. "बरोबर. लगेचच द्यायला हवा."

"तूच ना रे शिकवतोस लोकांना?"

त्यांना रागच आला. पण कुणाचा, ते कळेना. "मला कधी सांगितलं का नाहीस? सत्तर वर्षं होत आली!"

"काकूनं शपथ घातली होती. म्हणाली, विश्वाला वाटू दे बापानंच केलं म्हणून. बाप गेलेलं पोर, त्याला तेवढा आधार. मला काय माहीत तू बापाचं श्रेय परस्पर स्वतःकडे घेऊन बसलायस!"

म्हणजे त्या दिवशी घाटावर दीनाकाकांना वाटलं भाऊ बोलला, विश्वाला वाटलं अडकित्ता बोलला, आणि ज्या बाईनं सगळं घडवलं ती घरात तांदूळ निवडत बसली होती. विश्वनाथराव खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेजाऱ्याचा मेपल टोकाटोकाला लाल व्हायला लागला होता. आई आपल्यासाठी काही बोलली नाही, ही गोष्ट त्यांनी पोरवयातच मनाशी पक्की केली होती. मग हॉस्टेलातून तिला पत्रं कमी गेली, कॅनडातून त्याहून कमी. एकोणसत्तर साली ती गेल्याची तार आली, तेव्हा कबुतरं ऐन प्रयोगात होती. ते गेले नाहीत. दीनाकाकांनीच तिचं सगळं केलं. आईच्या दहाव्याचं त्यांनी कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

ते त्यांनी आता विचारलं. "आईच्या वेळी... शिवला का?"

छायानं मान हलवली. "नाही रे. अण्णांनी सगळं सांगून पाहिलं. विश्वा येईल म्हणाले, विश्वाचा संसार नीट चाललाय म्हणाले, गुरांचं, देवाचं, काय काय. उन्हं उतरली. शेवटी दर्भाचा कावळा शिववला."

विश्वनाथराव अगदी हलक्या आवाजात, आशेनं म्हणाले, "तिथं कुणी खडे मारत होतं का?"

"नाही रे दादा," छाया म्हणाली. "कुणी नव्हतं."

ते उठून खाली बेसमेंटमध्ये गेले. कावळा शिवणं-न शिवणं यावर त्यांचा कवडीचा विश्वास नव्हता. तरी त्यांना लाज वाटत होती, आणि विश्वास नसलेल्या गोष्टीची लाज कशी वाटते, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दोन-तीन दिवस असेच गेले. मुलगी कादंबरी ऑफिसातून आली की विचारायची, "बाबा, आर यू ओके? डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ?" गुंजनची वेगळीच पंचाईत. फिल्म बुधवारी द्यायची होती, आणि तिच्याकडे आजोबांची एक गोष्ट होती आणि छायाआजीची दुसरी.

"आजोबा, कुठली ठेवू? जुनी ठेवली तर छायाआजी चिडेल. नवी ठेवली तर तुमचा फर्स्ट एक्स्पेरिमेंट इज काइंड ऑफ गॉन."

"थांब," विश्वनाथराव म्हणाले. आपण कुणाच्या जिवावर शिकलो, एवढा साधा प्रश्न होता. तो ऐंशीव्या वर्षी सुटत नव्हता.

मंगळवारी सर्वपित्री अमावास्या आली. छायानं सकाळपासून वडे आणि खीर केली, आणि डेकवर एकाऐवजी दोन पानं मांडली. "हे सगळ्यांचं," ती म्हणाली. "आणि हे काकूचं. तू बाहेर ये."

"मी कशाला?"

"तिचा मुलगा आहेस म्हणून."

विश्वनाथराव अंगात स्वेटर घालून बाहेर आले. खिशात अडकित्ता होता. गुंजन सरकत्या दारात कॅमेरा घेऊन उभी राहिली, तिनं नजरेनंच विचारलं. "राहू दे चालू," ते म्हणाले.

मेपलवर कावळे होते, चांगले तुकतुकीत, काळेभोर. त्यातला एक कुंपणावर येऊन बसला. विश्वनाथरावांनी सवयीनं अडकित्ता काढला आणि वाजवला. खट्. कनाटाचा कावळा मानही वळवेना. वळवेल कशाला? त्याला कुणी शिकवलं होतं?

"आता बोल," मागून, बार्बेक्यूपाशी उभी असलेली छाया म्हणाली.

"काय बोलू?"

"राहिलंय ते."

हा माणूस जगभर बोलला होता, पण असं मोकळ्या हवेत, समोर कुणी नसताना, कधी बोलला नव्हता. त्यांनी घसा खाकरला. दीनाकाकांनी केलं तसंच करून पाहिलं. "आई, दर वर्षी तुझं पान मांडीन."

कावळा उडाला, पानाच्या दिशेनं आला आणि अर्ध्यातून फिरून परत कुंपणावर बसला.

"आई, गावी जाऊन येईन. यंदाच जाईन."

पुन्हा कावळा निघाला, पुन्हा फिरला. विश्वनाथरावांना घाटावरचं ऊन आठवलं, ओला पंचा आठवला, आणि एकाएकी दीनाकाकांची फार कीव आली. अजून काय कबूल करायचं? काय हवंय हिला? मनातलं कुणी कुणाला कसं सांगायचं? डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते त्यांनी येऊ दिलं.

"आई," ते म्हणाले, "मी शिकलो गं. शिकता येईल तितकं शिकलो. ते तू शिकवलंस, मला माहीत नव्हतं. मला कुणी सांगितलंच नाही."

कावळा कुंपणावरून उतरला, दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारत पानाशी आला आणि त्यानं वडा उचलला.

दारातून गुंजनच्या तोंडून "ओ माय गॉड" निघालं. विश्वनाथरावांनी मात्र कारण शोधायच्या पन्नास वर्षांच्या खोडीनं आधी मागं वळून पाहिलं. छाया बार्बेक्यूच्या आडोशाला उभी होती. तिनं मूठ उघडली, उरलेले खडे वाफ्यात टाकले आणि हात पदराला पुसले.

"छाये," ते म्हणाले, "खडे?"

"खारी फार माजल्यात तुझ्याकडे," छाया दुसरीकडे बघत म्हणाली.

विश्वनाथरावांनी अख्ख्या लॉनवर नजर फिरवली. खार एकही नव्हती. ते आत गेले, फडताळातला डबा काढला आणि एक गुळाचा खडा आणून तिच्या हातावर ठेवला.